ढोलू-भोलू आणि आम्ही



यंदाच्या स्नेहसंमेलनात सहावीच्या वर्गाने ‘छोटा भीम’वर एक नाटिका बसवायचे ठरवले आहे. वर्गशिक्षिका बाईंनी पात्रांची नावे फळ्यावर लिहिली आणि कोणाला काय व्हायचे आहे ते विचारले. भीम व्हायला अर्धा वर्ग उभा राहिला. चुटकीसाठी मुलींमध्ये चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. जग्गू माकडासाठी दोघांनी बाकावर चढून लगेच नमुनाही दाखवला. कालिया पैलवान व्हायलासुद्धा चारजण तयार होते, कारण त्याला भरपूर ओरडता येते आणि आपल्या भागातल्या मुलांना पैलवान हा शब्दच मुळात प्यारा. शेवटी फळ्यावर दोनच नावे उरली, ढोलू आणि भोलू. वर्ग एकदम गप्प! बाईंनी मग मागच्या बाकावरच्या दोन शांत मुलांना ती कामे देऊन टाकली.

त्यांतला एकजण दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत तक्रार घेऊन आला. “सर, मला ढोलू नको. त्येला काय कामच न्हाई. नुसतं कालियाच्या मागं हुबं ऱ्हायाचं.”

‘नुसतं हुबं’ हे शब्द आम्ही याच खोलीत गेल्या पावसाळ्यातही ऐकले होते. म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे.

ज्या आजी-आजोबांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ‘छोटा भीम’ 2008 मध्ये पोगो वाहिनीवर सुरू झाली. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड संस्थेने ती तयार केली. ढोलकपूर नावाचे काल्पनिक राज्य, राजा इंद्रवर्मा, टुनटुन मावशीचे लाडू आणि ते खाऊन बळ येणारा भीम. कालिया हा भीमाहून मोठा आणि अंगाने दांडगा. भीमाचे सगळे कौतुक करतात हे त्याला सहन होत नाही. म्हणून तो काही ना काही डाव रचतो, आणि त्या डावात त्याच्या डाव्या-उजव्या हाताला ही जुळी भावंडे असतात. डाव अंगाशी आला की हीच दोघे आधी पळतात आणि इतरांबरोबर कालियाला हसतातही. पण ढोलकपुरावर खरेच संकट आले की कालियासकट सगळेच भीमाच्या बाजूला दिसतात. म्हणजे वाईट ते नव्हेत. बरोबर काय ते त्यांना कळते. कळूनही पुढच्या गोष्टीत ती दोघे पुन्हा कालियाच्या मागेच.

घरच्या लहान मुलांबरोबर बसून आम्ही ही मालिका बरीच पाहिली आहे. (मुख्याध्यापकांनी कार्टून पाहावे की नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत एकदा चर्चा झाल्याचे आमच्या कानावर आले आहे. असो.) पाहता पाहता ध्यानात आले की ढोलू-भोलू कधी सुधारणार नाहीत, याला कारण त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी एकदा जरी कालियाला सोडले तर उद्याची गोष्ट कशी सुरू होणार? मालिकेला दर भागाच्या शेवटी सगळे जिथल्या तिथे आणून ठेवावे लागते. ती दोघे लेखकाच्या सोयीसाठी अडकलेली आहेत.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे लहानपणी आमच्या हातात दिल्लीहून निघणारे ‘लोटपोट’ असे. त्यातले मोटू-पतलू 2012 पासून दूरदर्शनच्या पडद्यावर कार्टून होऊन आले, निक वाहिनीवर. त्यात डॉन व्हायची स्वप्ने पाहणारा जॉन आहे आणि त्याचे दोन साथीदार आहेत. त्यांना नावे काय दिली आहेत? नंबर वन आणि नंबर टू! आईबापांनी ठेवलेले नावसुद्धा त्यांच्याजवळ उरलेले नाही. आमच्या पिढीच्या पालकांना ‘शोले’ आठवत असेल, 1975 चा. त्यातही एक कालिया होताच, पण तो मालक नव्हता, गब्बरचा माणूस होता. आपले मराठी नट विजू खोटे यांनी ते काम केले आणि 2019 मध्ये ते गेले तेव्हाही लोकांना पहिल्यांदा तो कालियाच आठवला. रामगढहून रिकाम्या हाताने परतलेले ते तिघे. गब्बर पिस्तुलाचा चाप ओढतो, तिन्ही वेळा गोळी सुटत नाही, तिघे वाचतात, सगळे हसू लागतात, तेही हसतात, आणि मग तो तिघांनाही मारतो. मरण्याआधी कालिया मालकाच्या मिठाची आठवण देतो. त्याच्या दोन सोबत्यांची नावे तुमच्यापैकी कोणाला आठवतात का पाहा.

मिठाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. खाल्ल्या मिठाला जागावे हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण ज्याचे मीठ खाल्ले तोच चुकीचे करू लागला तर काय करावे, हे आपण शिकवत नाही. ते ज्याचे त्याने शोधावे अशी आपली समजूत असते. मोठमोठ्यांना ते सापडले नाही, तर चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला कुठून सापडणार?

छोट्या भीमाचे नाव ज्याच्यावरून घेतले त्या मोठ्या भीमाच्या कथेत असा एक जण आहे, विकर्ण. शंभर कौरवांपैकी एक, दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला की, जो आधी स्वतःलाच हरला त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून उत्तर टाळले. द्रोण, कृप गप्प राहिले. तेव्हा हा विकर्ण उठला. वडीलधाऱ्यांनी उत्तर द्यावे असे त्याने पुन्हा पुन्हा विनवले आणि कोणी बोलेना तेव्हा स्वतःच कारणे मांडून सांगितले की, द्रौपदी जिंकली गेलेली नाही. ती पाचांची पत्नी आहे, युधिष्ठिर आधीच हरला होता, आणि तिला पणाला लावण्याची कल्पना शकुनीची होती. इतके मुद्देसूद त्या सभेत त्या वेळी दुसरे कोणी बोलले नाही. सभेत गलका झाला, लोकांनी विकर्णाची वाहवा केली. मग कर्ण उठला. पोरकट ठरवून त्याने विकर्णाला गप्प केले आणि दुःशासनाला वस्त्रे ओढायला सांगितले. विदुराचा अपवाद सोडला तर ज्यांनी वाहवा केली त्यांच्यातला एकही जण उठून विकर्णाच्या बाजूने बोलला नाही.

विकर्ण खाली बसला. पुढे युद्ध झाले तेव्हा तो भावाच्याच बाजूने लढला आणि चौदाव्या दिवशी भीमाच्या हातून मारला गेला. शंभर जणांना मारण्याची प्रतिज्ञा केलेला भीमही त्या एकासाठी हळहळला. मुलांना गोष्टी सांगताना आपण द्यूतसभा सांगतो, वस्त्रहरण सांगतो, पण विकर्णाला गाळतो. आम्हीही गाळत होतो.

आता गेल्या पावसाळ्यातला प्रसंग. बऱ्याच पालकांना तो अर्धामुर्धा माहीत आहे, त्यामुळे पूर्ण सांगितलेला बरा. नावे अर्थातच देणार नाही आणि कोणी देऊही नयेत.

नववीतल्या एका मुलाने सातवीतल्या मुलाचे दप्तर शाळेच्या मागच्या चरीत फेकले. पावसाने चर तुडुंब भरलेली होती. नववीतल्या त्या मुलाबरोबर आणखी दोघे होते. एकाने लहान मुलाचे हात धरले. दुसरा कोपऱ्यावर उभा राहून कोणी बाई येतात का ते पाहत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दप्तर लहान मुलाच्या बाकावर आणून ठेवलेले सापडले. वह्या चुलीपाशी वाळवलेल्या होत्या, कडा तपकिरी झालेल्या, पानांना धुराचा वास. कन्नडच्या वहीतली शाई पसरून गेली होती. पण त्या वहीत चार कोरी पाने घालून त्यावर धडा नव्याने उतरवून ठेवलेला होता. आमच्या कन्नडच्या शिक्षकांनी अक्षर लगेच ओळखले. ते कोपऱ्यावर पहारा देणाऱ्या मुलाचे होते.

आम्ही त्याला बोलावले. पहिले वाक्य तेच, “सर, मी नुसता हुबा हुतो.” मग रडला, आणि मग सगळे सांगितले.

यापुढची चूक आमची आहे. आम्हाला त्या मुलाचे फार कौतुक वाटले आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर त्याला पुढे बोलावून आम्ही ते बोलून दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्याविरुद्ध तो बोलला होता तो मुलगा चौथ्या ओळीत उभा होता. मधल्या सुट्टीपर्यंत आमच्या या विद्यार्थ्याचे नाव ‘विभीषण’ पडलेले होते. कोणी तरी फळ्यावर ‘घर का भेदी’ असे हिंदीतही लिहिले. हिंदी शिकवण्याचे हे फळ आमच्या पदरात पडेल असे वाटले नव्हते!

जाता जाता सांगतो, सोलापूर, धाराशिवकडे बिभीषण हे नाव माणसे हौसेने ठेवतात. आपल्याकडे ते शिवीसारखे वापरतात. रामाची बाजू घेतलेल्या माणसाबद्दल आपले मत इतके वाईट का असावे, याचा कोणी तरी विचार करावा.

हा मुलगा दूधगंगेकाठच्या मळ्यातून येतो. पाचवीपासून तो ज्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेला येत होता तो म्हणजे हाच दप्तर फेकणारा मुलगा. हे आम्हाला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सायकल मळ्याच्या वळणावर थांबली नाही. तीन दिवस तो चिखलातून चालत आला. वाटेत एकदा मारही खाल्ला. चौथ्या दिवसापासून शाळेत येणे बंद. त्याची आई आली आणि तिने एकच विचारले, “सर, सगळ्यांम्होरं त्येचं नाव कशाला घेतलासा?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. सभेतल्या त्या वाहवा करणाऱ्यांत आणि आमच्यात फरक काय होता? टाळ्या वाजल्या आणि आम्ही पुढच्या सूचनेकडे वळलो. त्याच्या शेजारी वळणापर्यंत कोण जाणार याचा विचार केला नाही.

नऊ दिवसांनी आम्ही मळ्यात जाऊन त्याला परत आणले. त्या रस्त्याने येणाऱ्या एका शिक्षकांनी त्याला आठवडाभर स्कूटरवर आणले तर मुले त्याला ‘सरांचा चमचा’ म्हणू लागली. शेवटी तोच म्हणाला, नको सर. आता तो आणि सातवीतला तो मुलगा गळ्यात हात घालून शाळेला येतात, असे लिहायला आम्हाला फार आवडले असते. तसे काही झाले नाही. दिवाळीनंतर तो पुन्हा त्याच सायकलच्या कॅरिअरवर दिसला.

त्या दिवशी आम्हाला वाईट वाटले. आता तितके वाटत नाही. तीन मैल चालणे आणि मित्र गमावणे या दोन गोष्टी एकदम सोसण्याइतके मोठे तो मूल नाही. मळ्यात दुसरे घरही जवळ नाही. त्या सायकलवर दोघे काय बोलतात ते आपल्याला ऐकू येत नाही. मात्र त्यानंतर चरीत कोणाचे दप्तर पडलेले नाही एवढे आम्ही पाहतो आहोत.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत या प्रकरणावर दोन सूचना आल्या होत्या. पहिली, यापुढे अशा प्रसंगात हजर असलेल्या सर्वांना सारखीच शिक्षा व्हावी. दुसरी, जो खरे सांगेल त्याला संमेलनात प्रशस्तिपत्र द्यावे. दोन्ही सूचना चांगल्या हेतूने आल्या हे आम्ही जाणतो, तरी दोन्हींना आमचा नम्र विरोध आहे. सारखी शिक्षा ठेवली तर कोपऱ्यावर उभा असलेल्या मुलाला वाटणार की, आता बुडालोच आहोत तर पूर्णच बुडू. मागे फिरण्यात त्याचा काय फायदा? आणि प्रशस्तिपत्राचे काय होते ते आम्ही वर सांगितलेच आहे. आपण एक तर साथीदाराला खलनायकाच्या पंगतीत बसवतो, नाही तर त्याला एका रात्रीत नायक करून चौकात उभे करतो. त्याला यातले काहीच व्हायचे नसते. त्याला त्या कोपऱ्यावरून गुपचूप निघून यायचे असते, आणि नेमका तोच रस्ता आपण ठेवलेला नसतो.

म्हणून यापुढे आपल्या शाळेत कोणी काही सांगितले तर त्याचे नाव प्रार्थनेत, वर्गात किंवा पालक सभेत घेतले जाणार नाही. ज्या शिक्षकांवर विश्वास असेल त्यांना सांगावे, मग ते कोणत्याही विषयाचे असोत. आधी सामील होऊन नंतर सांगितले तरी चालेल. दोन दिवसांनी सांगितले तरी चालेल. ‘इतके दिवस का गप्प होतास’ हा प्रश्न विचारला जाणार नाही. शिक्षकांशी हे बोलून झाले आहे. काहींना ते फार सैल वाटते, त्यांनी तसे आम्हाला तोंडावर सांगितले, आणि आम्हाला ते आवडले.

पालकांशीही थोडे बोलायचे आहे. त्या प्रसंगानंतर एक पालक आम्हाला म्हणाले, “आमचं पोरगं नुसतं हुबं हुतं, सर, त्येनं काय केलं न्हाई.” आम्हाला हे मान्य नाही. कोपऱ्यावर कोणी उभे नसते तर दप्तर फेकायचे धाडस झाले असते का? हात धरायला कोणी नसते तर सातवीतला मुलगा पळून गेला नसता का? उभे राहणे हेही एक काम असते. ते केले हे मुलाला कळले पाहिजे, आणि कळल्यावर ते दुरुस्त करायची संधीही मिळाली पाहिजे. चार पाने उतरवून काढणाऱ्या मुलाला हे आपल्या आधी कळले होते.

दुसऱ्या एका पालकांनी या सगळ्याचे खापर कार्टूनवर फोडले आणि ही नाटिकाच रद्द करा असे सुचवले. आमच्या मते कार्टूनला इतका मान देण्याचे कारण नाही. कोण कोणाच्या मागे का उभा राहतो हे आपली मुले गावच्या निवडणुकीत दर पाच वर्षांनी पाहतात. उलट पोगोचे आमच्यावर उपकारच आहेत. घरी मराठी, शाळेत कन्नड सक्तीची, अशा आपल्या सीमाभागातली मुले हिंदी शिकतात ती बरीचशी कार्टूनमधूनच. त्यातले व्याकरण आमच्या कानाला टोचते, पण मुले न घाबरता बोलतात. आमच्या तासाला ती इतकी कधी बोलली नव्हती.

आणि आमचे स्वतःचे काय? तरुणपणी, दुसऱ्या गावी नोकरीला असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एका मुलाला वेताच्या छडीने हात सुजेपर्यंत मारले. कारण क्षुल्लक होते. त्यांचा हात मोकळा राहावा म्हणून त्यांनी हजेरीपट आमच्याकडे दिला होता. आम्ही तो दोन्ही हातांनी धरून उभे होतो. ते गुरुजी आमच्याशी चांगले वागत, आम्हाला खोली मिळवून देणारेही तेच. तेव्हा आम्ही काही बोललो नाही. नंतरही बोललो नाही. त्या मुलाला आता नातवंडे असतील. आमच्या खोलीत ‘नुसता हुबा हुतो’ असे कोणी म्हणाले की आम्हाला तो हजेरीपट आठवतो.

ढोलूचे काम नको म्हणणाऱ्या त्या सहावीतल्या मुलाला आम्ही म्हणालो की, ढोलूला वाक्य नाही तर तू एक शोधून आण. त्याने चार दिवस घेतले. सोमवारी तालीम चालू होती. कालियाने डाव सांगितला, भोलू मान हलवून निघाला, आणि हा जागच्या जागी थांबून म्हणाला, “कालिया, आज मी येत न्हाई.”

कालिया झालेल्या मुलाला पुढे काय बोलावे ते सुचेना. त्याच्या कागदावर तसे काही लिहिलेले नव्हते. त्याने बाईंकडे पाहिले, बाईंनी आमच्याकडे पाहिले. भोलू मध्येच उभा, कधी इकडे बघतोय, कधी तिकडे. तालीम तिथेच अडली आहे. संमेलन शनिवारी दुपारी आहे आणि पुढचे पान बाई अजून लिहीत आहेत.